ओळख देणारी सही

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ‘परदेशातले अनुभव’ या सदरात केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघात आलेली भाषा फारशी बदललेली नाही.)

आदरणीय अध्यक्ष, सेक्रेटरीसाहेब, सर्व सभासद बंधू-भगिनींनो, आणि मागच्या तीन रांगांत बसलेल्या भाडेकरू मंडळींनो,

शेवटचं संबोधन मी मुद्दाम वेगळं केलंय. निमंत्रणपत्रिकेवर ‘सभासद व कुटुंबीय’ एवढंच छापलेलं आहे. तरीही तुम्ही आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. हे का म्हणतो ते पुढे बोलण्यात येईलच.

कमिटीने मला सांगितलं की काका, तुम्ही चार वेळा कॅनडाला जाऊन आलात, तर तिकडचं काहीतरी सांगा. नायगाराचं मी काही सांगणार नाही. तो तुम्ही मोबाईलवर माझ्यापेक्षा चांगला पाहिला असेल. मुलाकडे सहा-सहा महिने राहिल्यावर माझ्यासारख्या रिकामटेकड्या माणसाला एक गोष्ट बारकाईने बघता आली. ती म्हणजे नव्या देशात गेलेला माणूस तिथला कसा होतो. नोकरी मिळाली, घर घेतलं, गाडी घेतली, म्हणजे तिथला झाला का? माझं उत्तर नाही असं आहे. तेवढंच सांगणार आहे.

आधी थोडं बँकेचं. सवयीचा परिणाम! मी १९७३ साली बँकेत लागलो तेव्हा पहिलं टेबल मिळालं ते खाती उघडण्याचं. इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल, तेव्हा सेव्हिंग खातं उघडायचं तर फॉर्मवर ‘इंट्रोडक्शन’ लागायचं. म्हणजे आधीच्या एखाद्या खातेदाराने सही करायची, की या गृहस्थांना मी ओळखतो. पॅन नाही, आधार नाही, केवायसी हा शब्दही जन्मला नव्हता. ती सही म्हणजेच सगळं. त्यामागे कायदाही होता. उद्या चोरीचा चेक त्या खात्यात जमा झाला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३१ खाली बँकेला संरक्षण मिळायचं, पण बँकेने हलगर्जी केलेली नसली तरच. ओळख न घेता खातं उघडणं ही हलगर्जी धरली जायची.

आता गंमत बघा. गावाहून नुकता आलेला माणूस, हातात पहिला पगार, काउंटरवर उभा आहे. त्याला ओळखणारं कोण? कोणीच नाही. त्याला खात्याची गरज सगळ्यांत जास्त, आणि सही मिळणं सगळ्यांत कठीण. कितीतरी जण मग चहावाल्याला, नाहीतर आमच्याच शिपायाला गळ घालायचे. कॅनडातल्या नव्या माणसाकडे मी बघत होतो तेव्हा मला सारखं हेच टेबल आठवत होतं.

माझा मुलगा आणि सून २०१५ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोच्या शेजारी मिसिसागाला गेले. परमनंट रेसिडेंट म्हणून. याला तिकडे पीआर म्हणतात. पीआर माणसाला नोकरी करता येते, टॅक्स भरावा लागतो, मुलांना सरकारी शाळा मिळते. फक्त मत देता येत नाही. देशाच्या निवडणुकीत नाही, प्रांताच्या नाही, महापालिकेच्याही नाही. त्यासाठी नागरिक व्हावं लागतं. अर्ज करायच्या आधीच्या पाच वर्षांत किमान १०९५ दिवस देशात राहिलेलं असलं पाहिजे, मग परीक्षा. २० प्रश्न, १५ बरोबर आले की पास. परीक्षेसाठी सरकारचं एक पुस्तक आहे, ‘डिस्कव्हर कॅनडा’. त्यात नागरिकाच्या जबाबदाऱ्या दिल्या आहेत. कायदा पाळणं, ज्युरीवर बसणं, मत देणं, आणि त्यांच्याच रांगेत समाजातल्या इतरांना विनामोबदला मदत करणं. हे वाचून मला जरा नवल वाटलं. आपल्याकडे स्वयंसेवा म्हणजे पुण्याचं काम, किंवा निवृत्तीनंतरचा वेळ घालवायचा उद्योग. तिकडे ती नागरिकशास्त्रात धरली आहे.

आणि हे पुस्तकापुरतं राहत नाही. ऑन्टारिओ प्रांतात बारावीचा दाखला हवा असेल तर मुलाला ४० तास समाजसेवा करावी लागते. १९९९ पासून हा नियम आहे. नातू हल्ली तासांचा हिशेब ठेवतो, आमच्या वेळी ओव्हरटाइमचा ठेवायचे तसा!

सूनबाई इथे पुण्यात आठ वर्षं अकाउंट्समध्ये होती. तिकडे पहिले सात-आठ महिने तिला काम मिळेना. प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न, ‘कॅनेडियन अनुभव आहे का?’ अहो, आत्ता तर विमानातून उतरलो, अनुभव कुठून आणू? ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच धोरण जाहीर करून सांगितलं होतं, की सरसकट असा अनुभव मागणं हा वरवर पाहता भेदभावच ठरतो. पण धोरण कागदावर आणि मुलाखत घेणारा टेबलापलीकडे. हे आपल्याला नवीन नाही. पुन्हा तेच, ओळख देणाऱ्याची सही आणा.

तिला वाट सापडली ती लायब्ररीत. तिकडच्या सार्वजनिक वाचनालयाची मेंबरशिप त्या गावच्या रहिवाशाला फुकट असते, आणि पुस्तकांपेक्षा इतर कामांसाठीच निम्मे लोक येतात. तिथे नोटीस होती, टॅक्स क्लिनिकसाठी स्वयंसेवक हवेत. ही योजना तिकडच्या आयकर खात्याची आहे. कम्युनिटी व्हॉलंटियर इन्कम टॅक्स प्रोग्रॅम असं लांबलचक नाव, १९७१ पासून चालू. ज्यांचं उत्पन्न कमी आणि हिशेब साधा, त्यांची रिटर्न्स स्वयंसेवकांनी मोफत भरून द्यायची. खातं स्वयंसेवकांची नोंदणी करतं, पोलिसांचा दाखला मागतं, शिकवतं, आणि जागा स्थानिक संस्था देते. फी घ्यायची नाही, कोणाचे कागद घरी न्यायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, गरिबाला कसलं आलंय रिटर्न? तीच तर मेख आहे. तिकडे मुलांसाठी सरकार दरमहा पैसे देतं, चाइल्ड बेनिफिट म्हणून. ते चालू राहायचं तर आई-बाप दोघांनी दरवर्षी रिटर्न भरलं पाहिजे, उत्पन्न शून्य असलं तरी. नव्याने आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. उत्पन्न नाही म्हणून तो रिटर्न भरत नाही, आणि रिटर्न नाही म्हणून मदत थांबते. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त गरज तोच बाहेर. माझं १९७३ चं टेबल!

२०१७ च्या मार्चमध्ये मी तिच्याबरोबर दोन शनिवार त्या क्लिनिकला गेलो. मला काही करायचं नव्हतं, आणि व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने कशात हात घालूही नये. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि बाकांवर रांग. श्रीलंकेतल्या एक तमिळ आजी, एक पंजाबी विद्यार्थी, सीरियातून आलेलं नवरा-बायको-तीन मुलं असं कुटुंब. त्या कुटुंबाचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळे एकत्र. सूनबाईने ते टेबलावर पत्त्यासारखे मांडले आणि एकेक लावत गेली. इंग्रजी दोघांचंही बेताचं. पण आकडे लावायला भाषा फार लागत नाही, हे मी राउरकेलाला शिकलो होतो. त्याचं नंतर सांगतो.

मला त्या दिवशी जे लागलं ते वेगळंच. सकाळी क्लिनिक चालवणाऱ्या बाईंनी आल्या आल्या सूनबाईच्या हातात दोन वस्तू ठेवल्या. एक तिच्या नावाचा बिल्ला आणि दुसरी कागदांच्या कपाटाची चावी. त्या बाई तिला ओळखून फक्त सहा आठवडे झाले होते. आपल्याकडे सहा वर्षांच्या कारकुनाला चावी द्यायची तर ऑफिस ऑर्डर निघते. सात-आठ महिने ‘तुम्हाला इथला अनुभव नाही’ ऐकलेल्या पोरीच्या हातात चावी आल्यावर तिची चाल बदललेली मी बघितली. सासऱ्याला कळतं हो.

पुढच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. त्याच बाईंनी तिला संदर्भपत्र दिलं, नोकरी लागली. ही इंट्रोडक्शनची सही झाली. पण खरी गोष्ट त्यानंतर आहे. नोकरी लागल्यावर क्लिनिक सोडायचं कारण होतं, तिने सोडलं नाही. मग नातवाच्या शाळेच्या पालक कौन्सिलवर कोणीतरी तिचं नाव सुचवलं. ऑन्टारिओत प्रत्येक सरकारी शाळेला असं कौन्सिल असतं, आणि त्यावर बसायला नागरिक असावं लागत नाही, पालक असलं की पुरे. शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या जोरात जायच्या. तेव्हा ही दुसऱ्या दोन आयांबरोबर महापालिकेच्या समितीपुढे बोलायला गेली. तिकडे आधी नाव नोंदवलं की रहिवाशाला समितीपुढे उभं राहून काही मिनिटं म्हणणं मांडता येतं. मत नसलेली बाई, लोकप्रतिनिधींसमोर उभी राहून, सकाळी आठ ते नऊ किती गाड्या जातात ते वहीतून वाचून दाखवते आहे. गाड्या या तिघींनी स्वतः मोजल्या होत्या. शाळेपुढे मुलांना रस्ता ओलांडून देणारा माणूस मिळावा ही त्यांची मागणी पहिल्या वर्षी मान्य झाली नाही. पांढरे पट्टे मात्र नव्याने रंगवले. सुरुवात म्हणून मी ते पुष्कळ समजतो.

२०१९ च्या जूनमध्ये दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि २१ ऑक्टोबरला पहिलं मत दिलं. शपथेनंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागला, कारण आपण दुहेरी नागरिकत्व देत नाही. ते मला लागलं, लपवत नाही. पण फोनवर ती म्हणाली, ‘बाबा, मतदानाच्या रांगेत पुढे-मागे चार जण ओळखीचे निघाले.’ हे मला मोठं वाटलं. मताचा हक्क सरकारने दिला, पण रांगेतली ओळख तिने क्लिनिकात आणि शाळेत कमावली होती.

आता आपल्या मराठी माणसांविषयी. टोरांटोला मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती होतो, नाटकं होतात. सतरंज्या घालण्यापासून हिशेब तपासण्यापर्यंत सगळं लोक फुकट करतात आणि झोकून करतात. नव्या माणसाला ते पहिलं घर. पण काही जण वीस वर्षं तिथेच थांबतात. मंडळाच्या पेटीची चावी त्यांच्याकडे आहे, पण आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे त्यांना माहीत नाही. मंडळात जे शिकलो ते रस्त्यापलीकडच्या लायब्ररीत, फूड बँकेत नेलं की माणूस त्या गावाचा होतो. पंजाबी मंडळींकडून हे शिकण्यासारखं आहे, लंगरमध्ये येणाऱ्याला कोणी जात-गाव विचारत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तिकडची जाहिरात करतोय असं वाटेल. ‘अनुभव मिळेल’ या नावाखाली नव्या माणसाला फुकट राबवून घेणारेही आहेत. मुलाच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरला एका खाजगी कंपनीने चार महिने रोज आठ तास ‘व्हॉलंटियर’ म्हणून बसवलं आणि पाचव्या महिन्यात दुसरा व्हॉलंटियर आणला. याला स्वयंसेवा म्हणत नाहीत, याला वेठबिगार म्हणतात. माझी कसोटी सोपी आहे. ज्या कामाचा नफा कोणाच्या तरी खिशात जातो, त्या कामाला पगार पाहिजे.

आणि हेही बघा, की स्वयंसेवा फक्त नव्या माणसानेच करायची असं नाही. कॅनडात १९७९ पासून एक पद्धत आहे. पाच जणांनी एकत्र यायचं आणि एखाद्या निर्वासित कुटुंबाची साधारण एक वर्ष जबाबदारी घ्यायची. घर बघायचं, भाडं द्यायचं, मुलांना शाळेत घालायचं, बस कशी पकडायची ते दाखवायचं. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून १९७९-८० मध्ये सुमारे ६०,००० लोक आले, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना अशा साध्या माणसांनी आणलं. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळालं, सरकारला नव्हे, जनतेला. २०१५ नंतर सीरियाचे लोक असेच आले. आणि २०१६ च्या मे महिन्यात फोर्ट मॅकमरी या गावाला वणव्याने घेरलं, ८०,००० च्या वर लोक घर सोडून निघाले, तेव्हा कॅलगरीत नुकत्या आलेल्या सीरियन कुटुंबांनी आपसात वर्गणी आणि सामान गोळा करून त्यांना पाठवलं. घर सोडणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता आपल्या इमारतीत येतो. सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघताहेत, मला दिसतंय.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे नवीनच होतो. आज जवळजवळ तिसरा हिस्सा फ्लॅट भाड्याने आहेत. इंदूर, कानपूर, गुवाहाटी, भुवनेश्वर, आणि अर्थात लातूर-नांदेड. हे काही परदेशातून आलेले नाहीत, पत्ता बदलून फॉर्म ८ भरला तर इथे मतही देऊ शकतात. माझी विनंती आहे, भरा. पण सोसायटीत त्यांची अवस्था पीआरसारखी आहे. मालकाकडून आपण नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेतो, सरकारी आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. तो पैसा शेवटी भाडेकऱ्याच्याच खिशातून येतो. सर्वसाधारण सभेत मात्र त्यांना मत नाही. कायदाच तसा आहे, त्यावर माझं म्हणणं नाही. पण मत नाही म्हणजे कामही नाही, आणि नावही नाही, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय?

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट आपल्यातल्या पेन्शनरांना माहीत आहे. हयातीचा दाखला द्यायचा होता. गुडघे धरून बँकेच्या रांगेत उभं राहायचं, बोटाचे ठसे झिजलेले, मशीन घेत नाही. बी विंगमध्ये भाड्याने राहणारा भुवनेश्वरचा मुलगा मला लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, काका, हे मोबाईलवर चेहरा दाखवून होतं. त्याने एका रविवारी क्लब हाऊसमध्ये टेबल लावलं आणि आपल्या अकरा जणांचे दाखले करून दिले. चहाही आपणच विसरलो होतो, वहिनींनी नंतर आणला. त्याआधी वॉचमनपासून कमिटीपर्यंत त्याला सगळे ‘पाचशेतीनचा भाडेकरू’ म्हणायचे. आता नावाने हाक मारतात. त्याचं नाव मी घेणार नाही, नको असं त्यानेच सांगितलंय.

एक आक्षेप मला आधीच ऐकू आलाय. भाडेकरू अकरा महिन्यांचा, आज आहे उद्या नाही, त्याला कशाला गुंतवायचं? अहो, मी बँकेत होतो. दर तीन वर्षांनी बदली. १९८६ मध्ये राउरकेलाला टाकलं. स्टील प्लांटचं गाव, मला ना उडिया येत होतं ना बंगाली. आमची सौ. दोन महिने रडत होती. तिथल्या दुर्गापूजेच्या कमिटीने मला बोलावून वर्गणीचा हिशेब हातात दिला. बँकवाला आहे, याच्याकडे पैसे सुरक्षित, एवढाच त्यांचा विचार. पावतीपुस्तक घेऊन घरोघर गेलो आणि पंधरा दिवसांत अख्खी कॉलनी ओळखीची झाली. मी तीन वर्षांनी जाणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्यांनी दिला हिशेब.

तेव्हा कमिटीला माझं सांगणं एवढंच. स्वागत समारंभ, गुलाबाचं फूल यात पडू नका. नेमकं काम द्या. वार, वेळ आणि जबाबदारी ठरवून द्या. ‘काही मदत लागली तर सांगतो’ असं म्हटलं की कोणीच कोणाला काही सांगत नाही. ओल्या-सुक्या कचऱ्याचं बघायला सी विंगला कोणी नाही. गणपतीच्या हिशेबाला दुसरी सही लागते, ती एखाद्या भाडेकरूची का नसावी? पावसाळ्याआधी गच्चीचे पाइप बघायला तरुण गुडघे हवेत, आमचे आता चढत नाहीत. आणि पुढचा नोव्हेंबर येतोच आहे. भाडेकरू मंडळींनो, तुम्हालाही सांगतो, निमंत्रणाची वाट बघत बसू नका. आज जसे पत्रिकेत नाव नसताना आलात, तसेच या. फक्त एक, घरमालकाची कामं फुकट करू नका! ते वेगळं.

वाचनालयाचं कपाट रविवारी सकाळी दहा ते बारा उघडं असतं. त्याची एक चावी माझ्याकडे आहे. दुसरी गेली चार वर्षं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. ए विंगला तिसऱ्या मजल्यावर गुवाहाटीच्या बाई राहतात, कॉलेजात ग्रंथपाल होत्या असं कळलं. त्या आज आल्या आहेत, तिकडे खांबाजवळ बसल्या आहेत. मी त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्या आहेत. सेक्रेटरीसाहेब, तो ड्रॉवर आत्ता उघडता आला तर बरं होईल, मग जेवायला बसू.